रॉडच्या ओव्हनमधले डबे

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात समोरच्या वहिनी कान तुटलेली कढई घेऊन दारात उभ्या राहिल्या. "तुम्ही वेल्डिंगच्या प्रोफेसर ना? मग एवढा कान बसवून द्या की." मी त्यांना समजावलं, की कढईचा कान रिव्हेटनं बसवतात, डोंबिवलीच्या बाजारात कुणीही तो ठोकून देईल, आणि ॲल्युमिनियम जोडायचं यंत्र मी काही घरी बाळगत नाही. वहिनी कढई घेऊन परत गेल्या. इतकी वर्षं ठाण्याला जाऊन ही बाई नेमकं शिकवत तरी काय होती, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता.

त्यांचा काही दोष नाही. माझ्या लग्नाच्या बोलण्यांत एका मुलाच्या काकांनी "म्हणजे गॅरेजमध्ये?" असं विचारलं होतं. माझे वडील नातेवाइकांना "मुलगी धातुशास्त्रात आहे" एवढंच सांगत. वेल्डिंग हा शब्द त्यांच्या घशाखाली कधी उतरला नाही. ठिणग्या उडतात, काळी काच डोळ्यांसमोर धरलेला माणूस उकिडवा बसलेला असतो, त्यात विद्यापीठाची पदवी घेण्यासारखं काय आहे, असं भल्याभल्यांना वाटतं.

आहे ते असं. दोन लोखंडी पाट्या जोडताना मधला धातू वितळतो आणि काही क्षणांत पुन्हा थिजतो. जोड स्वतः बहुधा मजबूत असतो. दुखणं असतं ते त्याच्या कडेला, जिथलं लोखंड वितळलं नाही पण भाजून निघालं तिथे. बाहेरून ते शेजारच्या लोखंडासारखंच दिसतं. आतून ते कडक आणि चिडकं झालेलं असतं. त्या बोटभर पट्ट्याचं पुढे काय होईल हे आधी सांगता येणं, हा आमचा विषय. पूल, बॉयलर, जहाज, गॅसची टाकी, सगळं त्या पट्ट्याच्या जिवावर उभं असतं.

कॉलेजात अधूनमधून चमत्कारिक गिऱ्हाइकं येत. खडवलीकडच्या एका गावातले विश्वस्त एकदा टेंपोत घालून देवळाची घंटा घेऊन आले होते. घंटेला वरून खालपर्यंत चीर गेली होती. आमच्या प्रयोगशाळेच्या फरशीवर ती ठेवून त्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "बाई, पंचक्रोशीत एवढी मोठी घंटा नाही. कशीही करा, पण जोडा." मी ती टिचकी मारून ऐकली, चीर तपासली, आणि सांगितलं की आम्ही जोडू, पण वाजेल ती पत्र्याच्या डब्यासारखी. कदाचित जोडतानाच दुसरी चीर जाईल. ओतून नवी करा. गृहस्थांनी चिरेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "एवढं शिकून हेच सांगायचं होतं?" घंटा परत टेंपोत चढली. आमच्या धंद्यात नाही म्हणायला शिकावं लागतं आणि त्याचे आभार कुणी मानत नाही. पण त्या गृहस्थांचा राग फार तर एक दिवस टिकला असेल. जागृतीला मात्र तिचं खरं बोलणं महाग पडलं, आणि लिहायचं आहे ते तिच्याबद्दल. तिची परवानगी घेतली आहे.

जागृती भोईर कोपरची, खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. वडील खाडीत जाळी टाकायचे, आई डोंबिवली पश्चिमेच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. आधी डिप्लोमा, मग डिग्री, मग डोंबिवलीच्या औद्योगिक भागात एका वर्कशॉपमध्ये गुणवत्ता तपासणीची नोकरी, असं पायरी पायरीनं वर येऊन ती आमच्या पदव्युत्तर वर्गात दाखल झाली. आमचा अभ्यासक्रम नोकरी करणाऱ्यांसाठी होता. वर्ग संध्याकाळी भरायचा. नियम असा, की मालकाचं प्रमाणपत्र दर सहामाहीला आणायचं. नोकरी गेली की जागाही गेली. त्या वेळी हा नियम मला अगदी योग्य वाटत असे, कारण कारखान्यात हात काळे केल्याशिवाय हा विषय डोक्यात शिरत नाही.

जागृती प्रश्न फार विचारायची. कधीकधी तास संपला तरी फळ्यापाशी उभी. "मॅडम, पण हे असं का?" पहिल्या वर्षी मला तिचा कंटाळा यायचा, दुसऱ्या वर्षी तिची वाट पाहायला लागले.

तिच्या प्रबंधाचा विषय होता हायड्रोजन. सांगते सोप्यात. वेल्डिंगच्या रॉडवर एक लेप असतो. तो हवेतला ओलावा ओढून घेतो, पापड सादळतो तसाच. सादळलेल्या रॉडनं वेल्डिंग केलं की त्या पाण्यातला हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात शिरतो आणि मग त्या चिडक्या पट्ट्यात जाऊन बसतो. त्या दिवशी काही होत नाही. सांधा देखणा दिसतो, क्ष-किरणांतही पास होतो. आणि एक-दोन दिवसांनी, कुणी हात लावलेला नसताना, तो तडकतो. म्हणून रॉड आधी भट्टीत भाजायचे, नंतर गरम ओव्हनमध्ये ठेवायचे, आणि जाड, चिवट पोलादाचा सांधा दोन दिवस थांबून तपासायचा. हे थांबणं कारखान्यात कुणालाच आवडत नाही.

जागृतीनं प्रयोगशाळेत मुद्दाम रॉड सादळवले आणि पाट्या जोडल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत होते. ती धावत आली. "मॅडम, वाजलं! मी समोर बसलेले, आणि टक् करून वाजलं!" मी जाऊन पाहिलं. सांध्याच्या कडेला केसासारखी रेघ. पुस्तकात शंभरदा वाचलेली गोष्ट स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. तिला आनंद झाला होता, आणि ती घाबरलीही होती.

दुसऱ्या दिवशी ती वर्कशॉपला गेली, रॉडचा ओव्हन उघडला, आणि आत डबे दिसले.

डबे नवे नव्हते. त्या वर्कशॉपची ती जुनी रीत होती. सकाळी आल्या आल्या प्रत्येकानं आपला जेवणाचा डबा रॉडच्या ओव्हनमध्ये सरकवायचा, दुपारी वाफाळतं जेवण काढायचं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा, हे सापडेल, आणि कुणाच्या मनात वाईट काही नसतं. पहाटे उठून बायकोनं केलेली भाजी गरम खावी, एवढीच इच्छा. जागृतीचाही डबा वर्षभर त्यातच असायचा. सुका बोंबील असला की सगळं शेड चिडवायचं, "आज रॉडला बोंबलाचा वास मारणार!" आणि ती हसायची.

आता तिनं नीट पाहिलं. डब्यांतून वाफ निघत होती. डबे काढायला-ठेवायला दार सतत उघडत होतं. आणि पोळ्या कडक होतात म्हणून कुणीतरी ओव्हनचं बटण खाली आणून ठेवलं होतं. रॉड हाताला चटका बसेल एवढेही गरम नव्हते. त्याच रॉडनं आदल्या दिवशी एका मोठ्या टाकीचा शेवटचा सांधा पूर्ण झाला होता. दाबाखाली गॅस साठवायची टाकी. जाड पोलादाची. एका रासायनिक कारखान्यात जायची. क्ष-किरण तपासणी त्याच संध्याकाळी उरकून ती पास झाली होती, आणि ट्रेलर उद्या येणार होता.

जागृतीनं आधी स्वतःचा डबा बाहेर काढला. मग बाकीचे काढले. मग टाकीवर थांबवल्याची लाल चिठ्ठी लावली.

पहिला आवाज चढला तो मुख्य वेल्डर शेलारांचा. वीस-पंचवीस वर्षं हातात वेल्डिंगचा होल्डर धरलेला माणूस. "काय मॅडम, आता थंड भाजी खायची का आम्ही? इतकी वर्षं डबे ठेवतोय, कुठली टाकी फुटली?" फुटलेली टाकी खरोखरच कुणाला माहीत नव्हती. अजून फुटली नाही हाच या धंद्यातला सगळ्यात मोठा पुरावा मानतात.

मालक सामंत. त्यांचं नाव बदललं आहे. स्वतः इंजिनिअर, सुसंस्कृत, ठाण्याच्या जुन्या घराण्यातले. जागृतीला कॉलेजात पाठवलं ते त्यांनीच. त्यांचा मला फोन आला. "मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीनं माझी टाकी अडवलीय. जरा येऊन जाल का?"

मी रिक्षानं गेले. शेडमध्ये टाकी आडवी ठेवलेली, रंग द्यायची बाकी, तिच्या पोटावर ती लाल चिठ्ठी. जागृती बाजूला उभी होती. तिनं मला नमस्कार केला, पण जवळ आली नाही.

सामंत म्हणाले, "रेडिओग्राफी क्लिअर आहे. गिऱ्हाइकाचा माणूस बघून गेला. आता आणखी काय हवं?"

मी म्हटलं, "एक्स-रेचे फोटो त्याच संध्याकाळी काढलेत. हा तडा त्यानंतर जन्माला येतो."

"म्हणजे येईलच?"

"येईलच असं नाही. येऊ शकतो."

"हेच ते," सामंत म्हणाले. "तुमच्या वर्गात 'येऊ शकतो' चालतं. मी गिऱ्हाइकाला काय सांगू? आमच्या पोरीला वाटतंय म्हणून थांबा?"

त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली. वाईट माणूस नव्हता तो. शेवटी जागृतीकडे वळून म्हणाले, "दोन दिवस देतो. मग तू स्वतः अल्ट्रासोनिक तपासणी कर, मॅडमच्या समोर. काही निघालं तर मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन. नाही निघालं, तर मग दुसरीकडे बघ, जागृती. शेड चालवायचं तर मला हे परवडणार नाही. चालेल?"

"चालेल सर," ती म्हणाली.

मी मध्ये पडायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. पण तिनं हो म्हटलं होतं, आणि तिच्या आवाजात विनवणी नव्हती.

ते दोन दिवस तिनं कसे काढले ते तेव्हा मला कळलं नाही. संध्याकाळच्या तासाला ती आली, वहीत उतरवून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही. मी तिला चहाला बोलावलं तर "नको मॅडम, घरी बाबांची तब्येत बरी नाही" म्हणाली. नोकरी गेली तर मालकाचं प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही तर जागा नाही, आणि प्रबंध अर्धा लिहून झालेला. हे दोघींनाही पाठ होतं.

तपासणीच्या दिवशी सगळं शेड गोळा झालं. अल्ट्रासोनिक म्हणजे दवाखान्यातल्या सोनोग्राफीची बहीण. लोखंडावर तेल लावायचं, हातातली छोटी डबी त्यावर फिरवायची, आवाजाच्या लहरी आत जातात, आत काही आडवं आलं तर परत फिरतात, आणि पडद्यावर रेषा वर उसळते. जागृतीचा हात चांगला होता. सांध्याच्या दोन्ही अंगांनी ती सावकाश सरकत होती. पडद्यावर काही नाही. पुढे काही नाही. शेलार हाताची घडी घालून उभे होते. अर्धा सांधा झाला, पाऊण झाला.

आणि मग, खालच्या अंगाला, रेषा उसळली.

सामंतांनीही पाहिली. ते पुढे वाकले. "हे काय आहे? निघालं का?"

खोटं कशाला सांगू, मला हर्ष झाला. शेलारांची हाताची घडी सुटली. सगळे त्या पोरीच्या तोंडाकडे पाहायला लागले. तिनं नुसती मान हलवली असती, "शंका आहे" एवढं म्हटलं असतं, तरी काम झालं असतं. तिथे तो पडदा वाचू शकणाऱ्या दोघीच होतो, आणि निर्णय तिचा होता.

जागृतीनं डबी मागे घेतली, पुन्हा आणली. रेषा पुन्हा उसळली. ती दुसऱ्या बाजूला गेली, तिथून पाहिलं, मोजपट्टी लावली. मग म्हणाली, "थांबा सर." आणि शेलारांकडे वळली. "काका, आत जाल का? बोटाला तेल लावून. मी बाहेरून ठोकते, त्या जागी सांध्याच्या मुळावर बोट दाबायचं आणि हलवायचं."

शेलार टाकीच्या गोल मॅनहोलमधून आत उतरले. तिनं बाहेरून हातोडीनं टकटक केलं. आतून त्यांचा घुमणारा आवाज आला, "इथे?"

"जरा डावीकडे. हां. आता हलवा."

पडद्यावरची उसळलेली रेषा थरथरली. बोट थांबलं, ती स्थिर झाली. बोट हललं, ती पुन्हा थरथरली.

बाहेरच्यांसाठी सांगते. सांध्याच्या मुळाशी वितळलेल्या धातूचा थोडा उंचवटा राहतो. लहर त्यावर आपटूनही परत येते आणि पडद्यावर हुबेहूब दोषासारखी दिसते. पण उंचवट्यावर आतून तेलकट बोट ठेवलं की लहर बोटात झिरपते आणि रेषा थरथरते. लोखंडाच्या पोटातल्या तड्याला बाहेरच्या बोटाचा पत्ताच लागत नाही.

"रूटचा उंचवटा आहे सर," जागृती म्हणाली. "तडा नाही."

राहिलेला पाव सांधा तिनं तेवढ्याच सावकाश तपासला. तिथेही काही नव्हतं. तिनं अहवाल लिहिला, सही केली, आणि लाल चिठ्ठी स्वतःच्या हातानं काढली. सामंतांनी अहवाल घडी करून खिशात घातला. मी त्यांना बाजूला घेऊन बोलले. म्हटलं, हिला घालवू नका, असा माणूस पुन्हा मिळणार नाही. ते म्हणाले, "मला कळतं मॅडम. पण मी सगळ्यांसमोर शब्द दिलाय. आता मागे घेतला तर उद्या कुणीही टाकी अडवेल." महिनाअखेरीस जागृतीची नोकरी संपली.

कॉलेजात मी प्राचार्यांपासून विद्यापीठाच्या कचेरीपर्यंत जाऊन आले. सगळ्यांना वाईट वाटलं आणि सगळ्यांनी नियम दाखवला. दुसरी नोकरी मुदतीत मिळाली नाही. ती पुढे मिळाली, आज ती एका तपासणी कंपनीत आहे, गावोगाव फिरते, चांगलं नाव आहे. पण पदवी राहिली ती राहिलीच. तिच्याबरोबरचे बाकीचे पदवी घेऊन गेले, त्यातले निम्मे संगणकाच्या नोकऱ्यांत आहेत. पुढे आमच्या विषयाला विद्यार्थी मिळेनात आणि तो बंद झाला. याची चरचर अजून जात नाही.

जागा रद्द करायचा अर्ज घेऊन ती ठाण्याला आली तो दिवस सांगते आणि थांबते. अर्जावर मार्गदर्शक म्हणून माझी सही लागत होती. ती समोर बसली. मी इकडचं तिकडचं बोलले, वडिलांची तब्येत विचारली. शेवटी राहवलं नाही.

"जागृती, शेलारांना आत कशाला पाठवलंस गं? कुणी सांगितलं होतं? रेषा तर सगळ्यांनी पाहिली होती."

"मला पण आधी तडाच वाटला, मॅडम. मग दुसऱ्या बाजूनं मोजलं तर जागा जुळेना."

"ते मलाही दिसलं होतं. पण सामंतांना दिसलं नव्हतं."

टेबलाच्या कडेवर बोट फिरवत ती म्हणाली, "खरं सांगू? त्या दोन दिवसांत मी एकवीरा आईला नवस बोललेले. आई, तडा निघू दे, तुझी ओटी भरीन. रोज बोलायचे, सकाळी-संध्याकाळी. आणि शेलार काका आत उतरले ना, तेव्हा त्या गोल भोकातून त्यांचे पाय दिसले मला. म्हटलं, उद्या ही टाकी कुठेतरी उभी राहणार, तिच्या बाजूला अशीच माणसं काम करणार. आणि मी काय मागत होते? ती फुटकी निघू दे म्हणून मागत होते."

"अगं, तू काही वाईट मागत नव्हतीस," असं काहीतरी मी पुटपुटले.

"वाईटच होतं मॅडम. रविवारी आईला घेऊन कार्ल्याला जाऊन आले. ओटी भरली."

"अगं, पण नवस कुठे पुरा झाला तुझा?"

"नाही झाला ना," जागृती म्हणाली. "म्हणूनच भरली."

तिनं अर्ज माझ्यापुढे सरकवला. मला अक्षरं दिसत नव्हती. सही कुठे करायची ते तिनंच बोटानं दाखवलं.